गाणं मूळचं कुठलं?

१९७१ साली महेलिया जॅक्सन मद्रासला गाऊन गेली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं तिचा भारताचा दौरा आखला होता. कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि मुंबई अशा चार शहरांत कार्यक्रम झाले आणि चारही ठिकाणची तिकिटं दोन तासांत संपली, असं तिच्याविषयी लिहिणारे नोंदवतात. दिल्लीत खुद्द इंदिरा गांधी तिला ऐकायला आल्या. महेलिया तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होती, हृदयविकारानं थकली होती, आणि पुढच्याच जानेवारीत ती वारली. शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या चर्चमध्ये घडलेला तो आवाज आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर आमच्या या शहरात ऐकू आला होता.

माझ्या सासऱ्यांना मात्र तिकीट मिळालं नाही. त्यांना मी तमिळ रीतीनं मामा म्हणते. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात नुकतेच चिकटलेले, आणि चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गाणारे. तिकीट हुकलं त्याची भरपाई त्यांनी पुढे तिची एक रेकॉर्ड घेऊन केली. ती अजून आमच्या घरात आहे. महेलियाविषयी ते नेहमी एकच गोष्ट सांगतात: तिला किती पैसे देऊ केले, पण ती नाइटक्लबात कधी गायली नाही. देवाचं गाणं सोडून दुसरं गायली नाही.

गेले सहा महिने आमच्या घरात ही गोष्ट नुसती आठवण राहिलेली नाही. ती वादातली साक्ष झाली आहे.

माझी लेक एकोणीस वर्षांची आहे. ती बेस गिटार वाजवते. चौदाव्या वर्षापासून रविवारच्या उपासनेत वाजवत आली, आणि गेल्या वर्षापासून कॉलेजातल्या एका रॉक बँडमध्येही. त्या बँडमधले तिघं वेगवेगळ्या चर्चमधले आहेत. यात नवल काही नाही. चेन्नईत कुणाला ड्रम किंवा बेस वाजवणारं पोर हवं असेल तर शोध बहुधा चर्चपासून सुरू होतो. दर आठवड्याला, फुकट, बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायरवर आणि समोर दोनशे माणसं बसलेली असताना वाजवायला मिळेल, अशी दुसरी जागा कुठल्या पोराला आहे? कोडंबाक्कमच्या सिनेमा-स्टुडिओंतली व्हायोलिनं आणि पियानो वाजवणारे कितीतरी हात असेच चर्चमध्ये तयार झालेले होते. शनिवारी नायिकेच्या पावसातल्या गाण्याला साथ करायची आणि रविवारी सकाळी स्तोत्राला, असं त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

आमच्या मंडळीच्या कमिटीनं मात्र या वर्षी ठराव केला. उपासनेत वाद्य वाजवणाऱ्यांनी बाहेरच्या मंचावर 'उलग' गाणी वाजवू नयेत. दोन्हीतलं एक निवडावं आणि तसं सही करून द्यावं. 'उलगम' म्हणजे जग, आणि उलग गाणी म्हणजे आपल्याकडचे ख्रिस्ती लोक ज्यांना जगिक गाणी म्हणतात ती. मामा त्या कमिटीत आहेत. त्यांनी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. घरी येऊन त्यांनी ते स्वतःच सांगितलं, आणि वर म्हणाले, "हा घरचा विषय नव्हता. मंडळीचा होता."

मी मूळची अहमदनगरची. त्या शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. पुण्याला तौलनिक साहित्यात एम. ए. केलं, लग्न होऊन इथे आले, तमिळ शिकले आणि आता तमिळ आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मिशनच्या शाळेत शिक्षक होते. रविवारी उपासनेत पेटी वाजवायचे. 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक त्यांना बरंचसं पाठ होतं, त्यातही नारायण वामन टिळकांची गीतं. दुपारी जेवणं झाली की त्याच पेटीवर ते मदनमोहनच्या चाली वाजवत. आईची त्याला एकच अट होती, खिडकी लावून घ्यायची. पाळकांचं घर समोर होतं.

मी चौदा-पंधरा वर्षांची असताना तरुण संघाच्या मेळाव्याला बाहेरगावचे एक प्रवचनकार आले. रॉकच्या कॅसेटी उलट्या फिरवल्या की त्यांतून सैतानाची स्तुती ऐकू येते, असं त्यांनी सांगितलं. संध्याकाळी मैदानात मुलांनी आपापल्या कॅसेटी आणून जाळल्या. प्लास्टिकचा काळा धूर बराच वेळ रेंगाळला. घरी आल्यावर दादा एवढंच म्हणाले, "सुलट वाजवल्यावर काय ऐकू येतं, ते कुणी विचारलंच नाही."

म्हणजे हा वाद मला नवा नाही. नवं आहे ते आजच्या मुलांच्या हातातलं उत्तर. ठराव झाला त्याच आठवड्यात लेकीच्या बँडमधल्या मुलांनी ते तयार ठेवलं होतं: रॉक तर चर्चमधूनच निघालं आहे. ज्याला तुम्ही जगिक म्हणता ते तुमच्याच घरचं लेकरू आहे.

हे उत्तर खोटं नाही. सिस्टर रोझेटा थार्पचं नाव आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. आर्कान्सामध्ये १९१५ साली जन्मलेली ही बाई पेंटेकॉस्टल चर्चमध्ये वाढली. तिची आई मॅन्डोलिन घेऊन सुवार्ता सांगत फिरायची. रोझेटा गिटार वाजवायला लागली ती उपासनेत, आणि तिनं इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली तेव्हा त्या वाद्याला अजून रॉक हा शब्दही चिकटला नव्हता. 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' हे तिचं गाणं १९४५ मध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. रॉक अँड रोलचं पहिलं गाणं कोणतं या कधीच न मिटणाऱ्या भांडणात त्याचं नाव हमखास निघतं. लिटल रिचर्डला पोरवयात मंचावर बोलावून गायला लावणारी तीच. एल्व्हिस प्रेस्लीला आयुष्यात तीन ग्रॅमी मिळाले, तिन्ही गॉस्पेल गाण्यांसाठी. रे चार्ल्सनं १९५४ मध्ये एका गॉस्पेल गाण्याचा साचा घेतला, त्यातल्या येशूच्या जागी एक बाई बसवली आणि 'आय गॉट अ वूमन' तयार झालं. सोल नावाच्या संगीताची सुरुवात पुष्कळ जण तिथून मानतात.

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येशूच्या जागी बाई बसवली, हेच तर आम्ही म्हणतोय."

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्या काळी असं म्हणणारे फक्त पाळक होते असंही नाही. बिग बिल ब्रून्झी हा ब्लूज गाणारा, म्हणजे चर्चवाल्यांच्या दृष्टीनं वाया गेलेला माणूस. त्यालाही रे चार्ल्सचं हे करणं आवडलं नव्हतं. देवाची गाणी आणि ब्लूज यांची सरमिसळ करू नये, असं त्याचं मत होतं. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना कुंपण हवं असणारी माणसं असतात.

पण गॉस्पेल आलं कुठून? मुलांचं उत्तर तिथेच थांबतं, आणि खरी गोष्ट त्याच्या अलीकडे सुरू होते. गॉस्पेल संगीताचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो टॉमस डॉर्सी प्रवचनकाराचा मुलगा. तरुणपणी तो 'जॉर्जिया टॉम' या नावानं ब्लूज वाजवायचा, मा रेनीसारख्या गायिकेला पियानोवर साथ करायचा. १९२८ मध्ये त्याचं गाजलेलं एक गाणं इतकं चावट होतं की चर्चच्या आवारात त्याचं नावही निघू नये. १९३२ मध्ये तो बाहेरगावी असताना त्याची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ मूलही गेलं. त्या दुःखात त्यानं 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' लिहिलं. त्याची चाल जुन्या स्तोत्राची, पण पियानोवरची बोटं ब्लूजची. पुढे मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीत महेलियानं गायलं ते हेच गाणं.

त्या आधीची काही वर्षं डॉर्सी आपली गाणी घेऊन शिकागोच्या चर्चांतून हिंडत होता, आणि प्रतिष्ठित चर्चांनी त्याला बाहेरची वाट दाखवली होती. ही चाल दारूच्या गुत्त्यातली आहे, असं त्याला सांगण्यात आलं. त्याची गाणी गाऊन दाखवायला, छापलेले कागद विकायला त्याच्याबरोबर हिंडणारी तरुण मुलगी म्हणजे महेलिया जॅक्सन. तीसुद्धा न्यू ऑर्लिन्सला असताना बेसी स्मिथच्या ब्लूजच्या रेकॉर्डी ऐकत मोठी झाली होती. घराशेजारच्या पंथाच्या चर्चमधले ढोल, झांजा, खंजिऱ्या, टाळ्या यांचा ताल आपल्या अंगात भिनला, असं ती सांगे. तिचं स्वतःचं बॅप्टिस्ट चर्च असल्या गोंगाटाला नाक मुरडणारं होतं. जो आवाज आज चर्चच्या पावित्र्याची खूण म्हणून मामा मला ऐकवतात, त्याला चर्चमध्ये शिरताना दारावर अडवलेलं होतं.

इथवर आले आणि मला त्या मुलांच्या उत्तराची अडचण वाटू लागली. ते खरं असूनही.

मराठी ख्रिस्ती माणसाला आयुष्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही मूळचे कोण?" मूळचे कुठले, असं नाही, मूळचे कोण. विचारणाऱ्याला गाव नको असतं, जात हवी असते. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग घरांतून आलेले. माझे पणजोबा महार होते. ते सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही. पण उत्तर ऐकल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जो हिशेब पुरा होतो, तो मी शाळेत पाहिला आहे, भाड्याचं घर शोधताना पाहिला आहे, साहित्याच्या चर्चासत्रात चहाच्या टेबलाशीही पाहिला आहे. बाप्तिस्म्याला चार पिढ्या झाल्या तरी मूळ विचारलं जातं, आणि मुळावरून आजची किंमत ठरते.

गाण्याला 'तू मूळचं कोण' असं विचारून चर्चमध्ये घेणं किंवा बाहेर ठेवणं, ही मला त्याच प्रश्नाची दुसरी आवृत्ती वाटते. कमिटी म्हणते, याचं मूळ अशुद्ध आहे. मुलं म्हणतात, नाही, याची आजी चर्चमध्ये गायची, हा घ्या दाखला. भांडण दाखल्यावरचं आहे. दाखला मागावा का, याविषयी दोघांचंही एकमत आहे. असल्या पुराव्यावर माझ्या लेकीनं जिंकू नये, असं मला मनापासून वाटतं.

भाषांतर करणाऱ्याला मूळ या शब्दाचा एरवीही धाक असतो. मुळात काय आहे, मुळाशी इमान राखलं का, हे प्रश्न आमच्या डोक्यावर कायम टांगलेले. पण काम करता करता कळतं की मूळ म्हणून जे हाती येतं ते आधीच कुठूनतरी आलेलं असतं. मद्रास आणि तंजावर यांच्याइतका याचा चांगला पुरावा मला दुसरीकडे मिळाला नाही.

मुत्तुस्वामी दीक्षितर हे कर्नाटक संगीतातल्या त्रिमूर्तींपैकी एक, जन्म १७७५. सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इंग्रजी बँडच्या चाली त्यांच्या कानावर पडल्या. त्या चालींवर त्यांनी देवदेवतांच्या स्तुतीची सुमारे चाळीस संस्कृत गीतं रचली. नोट्टुस्वर म्हणतात त्यांना. इंग्लंडच्या राजाच्या 'गॉड सेव्ह द किंग'ची चालही त्यांत आहे. पलटणीच्या कवायतीची आणि नाचाची गाणी मुरुगन आणि देवीपुढे गायली गेली आणि आजही लहान मुलांना शिकवली जातात.

दीक्षितरांहून एक वर्षानं मोठे वेदनायगम शास्त्री. तमिळ ख्रिस्ती घरातला हा मुलगा तंजावरला श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे शिकला. त्याच श्वार्ट्झच्या देखरेखीखाली आणखी एक मुलगा शिकत होता, तो म्हणजे पुढे तंजावरच्या गादीवर बसलेले मराठा राजे दुसरे सरफोजी. शास्त्री पुढे याच मराठी राजाच्या आश्रयाला राहिले. दोघांच्या हातून एकाच प्रकारची रचना झाली, ती म्हणजे कुरवंजी. विरहिणी नायिका, तिला भविष्य सांगणारी डोंगरातली कुरत्ती, भरपूर नाच आणि शृंगार असा हा नाट्यप्रकार देवळांत आणि दरबारात देवदासी सादर करत. सरफोजींनी मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' लिहिली आणि कुरत्तीच्या तोंडून चक्क जगाचा भूगोल सांगितला. शास्त्रींनी 'बेथलेहेम कुरवंजी' लिहिली. तिच्यातली विरहिणी ख्रिस्ताची वाट पाहते. नाचगाण्याचा साचा घेतला आणि प्रियकराच्या जागी येशू बसवला. रे चार्ल्सनं दीडशे वर्षांनी केलं त्याच्या नेमकं उलट.

मामांच्या चर्चच्या गीतांच्या पुस्तकाचे दोन भाग आहेत. 'पामालै' म्हणजे युरोपीय चालींवरची भाषांतरित स्तोत्रं, आणि 'कीर्तनै' म्हणजे रागतालांतली देशी गीतं. कीर्तनैचा भाग शास्त्रींच्या रचनांवाचून उभाच राहत नाही. मामा त्या डोळे मिटून म्हणतात. आमच्याकडे कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, टिळकांनी अभंग आणि ओवी चर्चमध्ये आणली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळकांचं म्हणणं होतं. आणि दादांची पेटी? ती युरोपातून आली, चर्चमधून आणि नाटकाच्या थिएटरातून फिरत भजनी मंडळात पोचली, आणि विदेशी म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षं तिच्यावर बंदी घातली. बंदी उठली १९७१ मध्ये, महेलिया येऊन गेली त्याच वर्षी.

हे सगळं मी मामांना सांगितलं. पण शास्त्रींची गोष्ट इथे थांबवली असती तर ती अर्धी राहिली असती. १८२०च्या दशकाच्या अखेरीला तंजावरला नवे मिशनरी आले आणि त्यांनी जुन्या रीती बदलायला घेतल्या. शास्त्रींनी आणि त्यांच्या बरोबरच्या वेल्लाळ ख्रिस्ती लोकांनी त्याविरुद्ध तक्रार मांडली. तिच्यात चार अन्याय नोंदलेले होते. ओळखीच्या तमिळ बायबलच्या भाषेत फेरफार केला. लग्नकार्यात फुलांना बंदी केली. उपासनेतून तमिळ गाणी काढली. आणि चौथा, चर्चमध्ये वेगवेगळ्या जातींच्या माणसांना एकत्र बसायला लावलं.

ज्या कागदात आपलं गाणं वाचवायची धडपड आहे, त्याच कागदात परया माणसाच्या शेजारी बसायला नकार आहे. शास्त्रींच्या गीतांवर माझा जीव आहे. त्यांतली दोन मी मराठीत आणली आहेत. त्यांच्या तक्रारीतलं तिसरं कलम वाचताना मी त्यांच्या बाजूची असते. चौथं वाचताना मी त्या बाकावर बसायला आलेली बाई असते. चालीला दार उघडणारा माणूस माणसाला दार बंद करू शकतो, आणि मिशनऱ्यांनी याच्या उलट केलं. गाण्याचं मूळ तपासून यातलं काहीच कळलं नसतं.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या गावच्या चर्चमध्येही दोन बाजू होत्या. माझ्या आजोबांनी पाहिलेल्या." एवढंच.

तरीही मामांची साक्षीदार उरतेच. महेलियानं नकार दिला, हे खरं आहे. १९३७ मध्ये रेकॉर्ड कंपनीनं ब्लूज गायला सांगितलं तेव्हा तिनं ऐकलं नाही आणि काम गमावलं. तेव्हा ती गरीब होती. तिचा नकार चालीला नव्हता. बेसी स्मिथ तिच्या गळ्यात होती आणि ते तिनं कधी लपवलं नाही. १९५८ मध्ये न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवातही ती गायली, आपलीच गाणी गायली. आपला आवाज कुणासाठी, एवढं तिनं ठरवलं होतं. आपल्याकडे याला व्रत म्हणतात, आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण व्रत स्वतः घ्यायचं असतं. कमिटीनं हात वर करून एकोणीस वर्षांच्या मुलीला लावलं की त्याचा दंड होतो. महेलियानंसुद्धा दुसऱ्या कुणाकडून सही मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

लेक या सगळ्या चर्चेला लवकरच कंटाळली. तिचा बँड लेड झेपलिनचं 'नोबडीज फॉल्ट बट माइन' वाजवतो. १९७६ च्या रेकॉर्डवर ते गाणं पेज आणि प्लांट यांच्या नावावर आहे, पण ते ब्लाइंड विली जॉन्सनचं. टेक्ससच्या रस्त्यांवर गिटार घेऊन देवाची गाणी गाणाऱ्या या आंधळ्या माणसानं ते १९२७ मध्ये गायलं. वाचायला येत असूनही बायबल वाचलं नाही आणि आत्मा गमावला, तर दोष दुसऱ्या कुणाचा नाही, असा त्याचा आशय. वाचू न शकणाऱ्या माणसानं गायलेलं वाचनाचं गाणं. झेपलिननं त्यातलं बायबल काढून टाकलं, दोष तेवढा ठेवला. भाषांतरकार म्हणून मला यात बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी तिला जुनं ध्वनिमुद्रण लावून दिलं.

तिनं ते तीनदा ऐकलं. म्हणाली, "आई, हे भीतिदायक आहे. चांगलं भीतिदायक." मग थोड्या वेळानं, "पण मला झेपलिनचं आवडतं ते याच्यामुळे नाही. मला ते वाजवताना मजा येते. पोटात ढवळतं. तुम्ही सगळे त्याचा बाप्तिस्मा झालाय का तेच बघत बसलाय."

तिच्या बोलण्यात मला या विषयाचं बरंचसं उत्तर सापडलं. जगिक गाणं आवडायला त्याच्यात लपलेली देवभक्ती शोधून काढायची गरज नाही. आपण रोज जेवतो. ते प्रभुभोजन नसतं, म्हणून ते पापही होत नाही. रागाचं, खेळाचं, प्रेमभंगाचं, नुसत्या आवाजाच्या धडकेचं गाणं असू शकतं आणि विश्वास ठेवणाऱ्या माणसाला ते तसंच आवडू शकतं. प्रत्येक गाणं चांगलंच असतं असं नाही. काही गाण्यांत बाईला केरासारखं वागवलेलं असतं, आणि अशी दोन गाणी तिच्या बँडनं तिच्या सांगण्यावरून वगळली. तो निवाडा तिनं शब्द ऐकून केला. तिथे मूळ कामाला आलं नाही.

याच ब्लाइंड विलीचं एक शब्दांवाचूनचं गुणगुणणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेलं. तिच्यावर चक बेरीचं रॉक अँड रोल आहे, बाख आहे आणि आमच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. हे ऐकल्यावर मामांनी पहिल्यांदा हसून विचारलं, "त्या कमिटीत कोण होतं?"

लेकीनं सही केली नाही. त्यामुळे गेले पाच महिने ती उपासनेत वाजवत नाही. आमच्या बाकावर मामांच्या शेजारी बसते आणि गाते. तिची वायर पुढे व्यासपीठाजवळ गुंडाळून ठेवलेली आहे. किबोर्डवरचा मुलगा डाव्या हातानं बेसची जागा भरायचा प्रयत्न करतो. तिच्याबरोबरच्या दोघांनी सही केली. त्यांतल्या एकाच्या घरी वडील नाहीत आणि चर्चचा आधार मोठा आहे. त्याला ती काही बोलली नाही, मलाही बोलू दिलं नाही.

मध्ये एका रविवारी घरी येताना रिक्षात मामा म्हणाले, "खाली काहीतरी पोकळ वाटतं." आयुष्यभर बेसमध्ये गायलेल्या माणसाच्या ते कानाला खुपणारच. त्याच आठवड्यात त्यांनी मला एक काम दिलं. ठरावातला 'उलग' हा शब्द बायबलात कुठे कुठे आणि कोणत्या अर्थानं येतो, त्याची यादी करायची. मी बसले. योहानाच्या शुभवर्तमानात देवानं ज्याच्यावर प्रीती केली, ते उलगम. योहानाच्या नावावरच्या पत्रात ज्याच्यावर प्रीती करू नका म्हटलं आहे, तेही उलगमच. मराठीत दोन्हीकडे जग, मुळातल्या ग्रीकमध्येही दोन्हीकडे एकच शब्द. एका ठिकाणी सोडवायचं जग आणि दुसऱ्या ठिकाणी टाळायचं जग, हे शब्द पाहून कळत नाही. वाक्य पुरं वाचावं लागतं.

यादी मी दोन भाषांत टाइप करून त्यांना दिली. त्यांनी ती चष्मा लावून पुरी वाचली आणि घडी करून गीतांच्या पुस्तकात ठेवली, कीर्तनै जिथे सुरू होते तिथे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत त्यांनी एक ओळ घालायला लावली आहे: ठरावातल्या शब्दाचा अर्थ ठरवणे. हात वर करून दिलेलं मत मागे घेईन, असं ते म्हणालेले नाहीत, आणि मीही विचारलेलं नाही.